वाचकांचे प्रश्न : सप्टेंबर 1938, टळलेले युद्ध

प्रश्न : सप्टेंबर 1938 मध्ये युरोपातले युद्ध होता होता टळले, असे पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचले. मग वर्षभरातच ते पेटले कसे? आणि आपलाच मुलूख तोडून देणाऱ्या म्युनिक करारावर चेकोस्लोव्हाकियाने सही तरी का केली? (एक वाचक, सेलू)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातील समजूत चुकीची आहे. चेकोस्लोव्हाकियाने त्या करारावर सही केलेलीच नाही. सह्या होत्या त्या हिटलर, मुसोलिनी, ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए यांच्या. ज्यांच्या देशाची वाटणी चालली होती, त्यांचे प्रतिनिधी म्युनिकमध्येच एका हॉटेलात निकालाची वाट पाहत होते आणि 30 सप्टेंबरच्या उत्तररात्री त्यांच्या हाती तयार कागद पडला. घराच्या वाटणीत घरधन्यालाच ओसरीवर बसवावे, तसा हा प्रकार होता.

वाद सुडेटनलँडचा, म्हणजे सुमारे 30 लाख जर्मनभाषक राहत असलेल्या सीमाभागाचा होता. हिटलरने 12 सप्टेंबरला न्यूरेंबर्गच्या सभेत चेक सरकारवर आग पाखडली, त्या भागात दंगे उसळले आणि 15 तारखेला 69 वर्षांचे चेंबरलेन विमानाने त्याच्या भेटीला गेले. जर्मन बहुसंख्येचा भाग देऊन टाकण्यास त्यांनी व फ्रान्सने प्रागच्या सरकारला दडपणाखाली राजी केले. पण 22 तारखेला गोडेसबर्ग येथे ही संमती घेऊन ते पुन्हा हजर झाले, तेव्हा एवढ्याने आता भागणार नाही, ताबा लगेच हवा, असे हिटलरने बजावले. त्यानंतरचे चार-पाच दिवस खरोखरच युद्धाचे होते. चेक सैन्याची जमवाजमव झाली, लंडनच्या बागांत खंदक खणले गेले, विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे वाटण्यात आले आणि 28 तारखेला ब्रिटिश आरमार सज्ज झाले. त्याच दुपारी चेंबरलेन पार्लमेंटात बोलत असताना म्युनिकचे निमंत्रण त्यांच्या हाती पडले.

फ्रान्स चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीस 1925 च्या कराराने बांधलेला होता. सोव्हिएत रशियाचा 1935 चा करार फ्रान्स आधी उतरला तरच लागू होणार होता. फ्रान्सने पाय मागे घेताच दोन्ही करार कागदावरच राहिले. एवढ्या दूरच्या, आपल्याला काहीच माहीत नसलेल्या लोकांच्या भांडणापायी खंदक खणावे लागावेत हे किती भयंकर, अशा आशयाचे उद्गार चेंबरलेन यांनी 27 तारखेला रेडिओवर काढले होते. अज्ञानाची ही कबुली मला तरी पटत नाही, कारण नकाशा त्यांच्यासमोर होता. डोंगराळ सीमेवर चेकांनी बांधलेली तटबंदी नेमकी सुडेटनलँडमध्ये होती. ती गेली की देश उघडा पडणार, हे कोणत्याही सेनाधिकाऱ्याला दिसत होते. म्हणूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर युद्ध टळण्याच्या या रीतीतच आहे. 15 मार्च 1939 रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, पिल्सेनचा स्कोडा शस्त्रकारखाना हिटलरच्या हाती पडला आणि 1 सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. त्याच पोलंडने म्युनिकनंतर लगोलग चेकांचा टेशेनचा भाग पदरात पाडून घेतला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रश्न : डॉ. कोटणीस चीनला गेले ते याच सुमारास का? (एक वाचक, तुळजापूर)

उत्तर : होय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकासह 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून बोटीने निघाले. जपानचे आक्रमण तेव्हा वूहानच्या रोखाने सरकत होते आणि ऑक्टोबरअखेर ते शहर पडले. युरोपात युद्ध टळल्याचा जल्लोष चालला होता, तेव्हा आशियात ते वर्षभराचे जुने झाले होते. कोटणीस परतले नाहीत; 1942 च्या डिसेंबरमध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले.

प्रश्न : त्या महिन्यात आपल्या मराठवाड्यात काय चालले होते? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथील माणसाला म्युनिकपेक्षा जवळची चिंता होती. 1937 मध्ये परतूरला संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, पुढच्या वर्षी दुसरे लातूरला भरले आणि जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांना उत्तरदायी सरकारची, मागणी जोर धरू लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, 7 सप्टेंबर 1938 रोजी, सर अकबर हैदरी यांच्या सरकारने ती जातीय असल्याचे कारण देऊन तिच्यावर बंदी घातली. या बंदीचा युरोपशी संबंध जोडण्याचा मोह काहींना होतो, पण तसे मानण्यास आधार दिसत नाही. तिची कारणे संस्थानातच होती. 24 ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले आणि नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयातील मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागून वेगळेच आंदोलन उभे केले. सत्याग्रह 24 डिसेंबरला स्थगित झाला; बंदी मात्र 1946 पर्यंत कायम राहिली.