ऑरगॅनिक कापड मागितलं की लॅमिनेट केलेला कागद दाखवतात, विश्वास ठेवू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरलाच लोकमान्य नगरात राहते. घराच्या वरच्या मजल्यावर सहा मशीनी टाकून लहान मुलांचे कपडे शिवते, झबली, बंड्या, फ्रॉक, अधूनमधून बायकांचे कुर्ते. आजवर सगळा माल क्लॉथ मार्केटमधूनच उचलला. आता पुण्याची एक दुकानवाली म्हणतेय ऑरगॅनिक कॉटन असेल तर सीझनला तीनशे पीस घेते, पण टॅगवर तसं लिहिलेलं पाहिजे. मार्केटमध्ये विचारलं तर एकाने गादीखालून लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट काढून दाखवलं, दुसरा म्हणाला बांबूचं घ्या, ते ऑरगॅनिकहून भारी. भावात बराच फरक आहे. घ्यावं का? आणि खरंखोटं जाळून कळतं का?

उत्तर: जाळून कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. जाळल्यावर एवढंच कळतं की पॉलिस्टर घातलंय का. निव्वळ सुती असेल तर कागदासारखं जळतं आणि राख बोटात चुरडली की पावडर होते, पॉलिस्टर असेल तर वितळून काळी टणक गुठळी राहते. पण शेतात युरिया पडला होता की शेणखत हे राख कशी सांगणार? बीटी (म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, ऑरगॅनिकला ते चालत नाही) आहे का ते लॅबमध्ये बघता येतं, पण ते सरकीत, रुईत, फार तर कोऱ्या कापडापर्यंत, एकदा ब्लीच आणि डाय होऊन आलं की तपासण्यासारखं काही उरत नाही. आणि आपल्या देशात 2002 ला बीटी कापूस आला तो आता 90 टक्क्यांच्या वर गेलाय, म्हणजे समोर आलेलं कुठलंही सुती थान ऑरगॅनिक नाही असंच धरून चालायचं, आहे हे दाखवून द्यायचं काम विकणाऱ्याचं.

म्हणून कागद बघायचा, पण कुठला ते नीट समजून घ्या कारण मी स्वतः इथेच फसलेय. चारेक वर्षांपूर्वी मी पण असाच एक लॅमिनेट केलेला कागद बघून दोन थानं उचलली, दुकानदार म्हणाला "भाभीजी, पूरा ऑर्गेनिक है, एक्सपोर्ट का माल है", मी पण खूश. घरी येऊन फोटो मोठा करून वाचला तर नाव भलत्याच राज्यातल्या सूतगिरणीचं, तारीख दीड वर्षापूर्वी संपलेली, आणि त्यात फक्त सूत लिहिलेलं, मी आणलेलं होतं छापील कापड! परत करायला गेले तर कापलेला माल वापस नहीं होता म्हणे. कापला त्यानेच होता.

तर कागद दोन असतात. एक स्कोप सर्टिफिकेट, त्यावर अमुक कंपनीला अमुक वस्तू बनवायची मान्यता आहे एवढंच असतं, गादीखालून निघतं ते बहुतेक हेच, आणि त्याने तुमच्या हातातल्या थानाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. दुसरं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, त्यात कोणी कोणाला किती किलो कुठला माल दिला ते असतं, मागायचं ते हे. नाव, तारीख, मालाचं वर्णन, वजन, चारही बिलाशी जुळवून बघा. गॉट्स हे ऑरगॅनिक कापडाचं जागतिक मानक, त्याच्या वेबसाइटवर लायसन्स नंबर किंवा कंपनीचं नाव टाकून फुकटात शोधता येतं, ते दुकानात उभं राहूनच करा, लाजू नका. एवढं का म्हणाल तर 2020 साली गॉट्सनेच जाहीर केलं होतं की भारतात सुमारे 20 हजार टन कापसाचे कागद खोटे निघाले, 11 कंपन्यांवर बंदी घातली. तिथे आपल्या क्लॉथ मार्केटातल्या झेरॉक्सची काय कथा.

आता टॅगचं. हे तुमच्या दुकानवालीलाही सांगा. कापड खरोखर गॉट्सचं असलं तरी तुमच्या झबल्यावर गॉट्सचा शिक्का लावता येत नाही, कारण कताईपासून शिलाईपर्यंत प्रत्येक पायरीला मान्यता लागते आणि तुमच्या सहा मशीनींना ती नाही. घ्यायची तर ऑडिट आणि दरवर्षीची फी आली, तीनशे पिसांवर ते परवडणार नाही असं माझं मत. (गॉट्समध्येही दोन दर्जे आहेत बरं का, नुसतं ऑरगॅनिक लिहायला 95 टक्के धागा ऑरगॅनिक हवा, 70 टक्क्यांच्या पुढे असेल तर "ऑरगॅनिकपासून बनवलेलं" असा वेगळा शब्द.) मग टॅगवर सरळ लिहा, कापड ऑरगॅनिक कापसाचं, अमुककडून घेतलेलं, लॉट नंबर अमुक, आणि ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटची कॉपी फाइलला ठेवा. इकोफ्रेंडली, पृथ्वीस्नेही असले शब्द टाळाच. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगचे नियम काढलेत, असा दावा केला तर पुरावा दाखवावा लागतो.

बांबूचं तर मला हसूच येतं. बाजारात जे मऊशार बांबू म्हणून मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं, म्हणजे झाडाचा लगदा कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून काढलेला धागा, लगदा निलगिरीचा काय नि बांबूचा काय. आपल्याला हे नवीन नाही, नागद्याला ग्रासिमचा कारखाना 1954 पासून व्हिस्कोसचाच धागा काढतोय, ग्रासिमचं जुनं नाव ग्वालियर रेयॉन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अमेरिकेत तर व्हिस्कोसला बांबू म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दोघांना 2022 मध्ये मिळून 55 लाख डॉलर दंड भरावा लागला. व्हिस्कोस वाईटच असं नाही, पण बाळाच्या झबल्याला मी घेणार नाही, कारण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते आणि झबलं दिवसातून चारदा धुतलं जातं. तशाच जातीचं पण स्वच्छ काही हवं असेल तर लायोसेल विचारा, त्यात विरघळवायचं रसायन 99 टक्क्यांच्या वर परत मिळवून पुन्हा वापरतात. कुर्त्यांना फार छान पडतं, भाव मात्र तसाच.

मग घ्यायचं कुठून? मला तर वाटतं तुम्ही उलट्या दिशेला बघताय. ऑरगॅनिक कापूस पिकतो तो आपल्या दाराशी, निमाडात. कसरावदला बायोरे कंपनी नव्वदच्या दशकापासून शेतकऱ्यांबरोबर हेच काम करतंय, पीथमपूरला प्रतिभा सिंटेक्स ऑरगॅनिकचं होजिअरी कापड आणि कपडे बनवते. मोठ्या कंपन्या तुम्हाला पन्नास किलो देतील की नाही ते विचारल्याशिवाय कळणार नाही, पण ऑर्डर संपल्यावर उरलेले रोल असतातच, तेच मागा, कागदासकट. शेड जी असेल ती घ्यावी लागेल. बंड्यांना होजिअरीच लागते, त्यामुळे तुमचं अर्धं काम तिथेच होईल. अजून एक, रंगवायच्या भानगडीत पडूच नका, प्रोसेस हाऊसला मशीन भरेल एवढा माल लागतो आणि तुमचा तेवढा नाही, न रंगवलेलं बदामी कापडच घ्या आणि काठाला रंगीत पायपिन लावा, झबल्याला ते उलट गोड दिसतं.

फ्रॉक-कुर्त्यांसाठी महेश्वरला एक चक्कर मारा, 90-95 किलोमीटर तर आहे, सकाळी पोहे खाऊन निघालात तर दुपारी घाटावर. हातमागाला वीज नाही आणि पैसे सरळ विणकराच्या घरी जातात, पण महेश्वरी म्हणजे ऑरगॅनिक असं समजू नका. गंमत म्हणजे निमाडात एवढा कापूस असून तिथल्या मागांवर सूत बऱ्यापैकी कोइम्बतूरहून येतं. तिथलीच विमेनवीव्ह संस्था गुडीमुडी नावाने हातकताईची खादी करते, ती आधी बघा. फक्त पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्या, हातमागाचा पन्ना लहान असतो, 58 इंचाच्या हिशोबाने मार्कर (कापडावर पीस मांडायचा नकाशा) टाकलात तर घेराचा फ्रॉक बसणारच नाही.

आणि एक बोलू? रागावू नका. तुमच्या कटिंग टेबलाखालची चिंधी एक आठवडा पोत्यात भरून वजन करा. माझ्याकडे केली तेव्हा शंभर किलो कापडामागे चौदा किलो निघाली, मास्टर मोठे पीस आधी लावून मग उरलेल्या जागेत बंडीचे बसवत होता, ते एकाच मार्करमध्ये घेतल्यावर नऊवर आली. वाचलेल्या पाच किलोत महागाच्या कापडाचा थोडा तरी भाव निघतो.

प्रश्न: पाण्याच्या बाटल्यांपासून बनवलेलं कापड शाळेच्या युनिफॉर्मला चालेल का? – एक वाचक, सुदामा नगर

उत्तर: युनिफॉर्मला चालेल, तसंही त्यात पॉलिस्टर असतंच, मग नव्याऐवजी जुनं वापरलेलं बरं. जीआरएसचा (हे रिसायकल मालाचं जागतिक मानक) लोगो मागा, त्यासाठी निदान 50 टक्के रिसायकल माल लागतो. पण आहे ते प्लास्टिकच, धुताना बारीक तंतू पाण्यात जातातच आणि उन्हाळ्यात पोरं घामेजतात, तेव्हा पँट आणि स्कर्ट त्याचे करा, शर्ट सुतीच ठेवा. ते पण शाळेने ऐकलं तर.