कॅनडातल्या अल्बर्टासारख्या कडक थंडीत मांसासाठी गुरांची पैदास करायची तर जात कोणती निवडावी?

कळपाचा पाया अँगस किंवा हेरफर्ड गाईंचा ठेवा आणि त्यांच्यावर गॅलोवे वळू सोडा. गॅलोवेला दुहेरी केस असतात: आत दाट लव, वर लांब राठ केस. तो वाढीला मंद, पण संकरित वासरांत ती उणीव बरीच भरून निघते. शुद्ध हायलँड त्याहून काटक, मात्र वजन धरायला फार वेळ घेते.

नुसत्या जातीवर विसंबू नका. कोरड्या, दाट केसांच्या गाईला उणे ८ अंशांपर्यंत जास्तीची वैरण लागत नाही. तेच केस भिजले की शून्याच्या वर १५ अंशांखालीच अंग ऊबदार ठेवायला जास्तीची ऊर्जा जळू लागते. म्हणून बंद गोठ्यापेक्षा वाऱ्याला आडोसा आणि कोरड्या पेंढ्याचा जाड थर महत्त्वाचा. तापमान या मर्यादेखाली गेलं की दर अंशाला साधारण २ टक्के खुराक वाढवा.

वेत मेच्या मध्यावर आणा. गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा, म्हणजे वळू ५ ऑगस्टच्या सुमारास सोडायचा, २५ गाईंमागे एक. फेब्रुवारीत व्यायलेल्या गाईचं ओलं वासरू कान-शेपटी गमावतं, अनेकदा जीवही. वासराला पहिल्या ६ तासांत चीक मिळालाच पाहिजे.

एक गोष्ट हमखास राहून जाते: हिवाळ्यात वळूच्या अंडकोषाला हिमदंश होतो. नवं वीर्य तयार व्हायला सुमारे ६० दिवस लागतात, त्यामुळे वसंतात पशुवैद्याकडून वीर्यतपासणी करा आणि सदोष निघालं तर दोन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच वळू ठेवायचा की काढायचा ते ठरवा.