वाचक विचारतात : राजाचे हेरल्ड

प्रश्न : ब्रिटनच्या राज्याभिषेकात पत्त्यांतल्या गुलामासारखे अंगरखे घातलेले अधिकारी दिसतात. एरवी ते काय करतात? पगार किती?

उत्तर : हे लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचे हेरल्ड, म्हणजे मानचिन्हं (ढालीवर काढायची घराण्याची खूण) आणि वंशावळी यांचं काम पाहणारे राजाचे अधिकारी. संस्थेला पहिली सनद १४८४ची. सगळ्यांना हेरल्ड म्हणतात, पण ते मधल्या हुद्द्याचंही नाव. पदं तेरा, खालून वर : चार पर्सिव्हंट, सहा हेरल्ड, तीन किंग ऑफ आर्म्स. संस्थेवर देखरेख करणारे अर्ल मार्शल, म्हणजे नॉरफोकचे ड्यूक, नाव सुचवतात आणि राजा नेमणूक करतो. अंगरख्याच्या कापडावरून हुद्दा कळतो : किंग ऑफ आर्म्सचा मखमली, हेरल्डचा साटिनचा, पर्सिव्हंटचा रेशमी डमास्कचा.

पगार ऐकून हसू येईल. तीन किंग ऑफ आर्म्सपैकी सर्वांत वरच्या गार्टरला वर्षाला ४९ पौंड ७ पेन्स, पर्सिव्हंटला १३ पौंड ९५. पोट भरतं ते वंशावळी शोधून आणि मानचिन्हांची कामं करून, त्याच्या फीवर.

यांच्यापैकीच एक, अँथनी वॅग्नर यांची वाटचाल पाहा. १९३१मध्ये पोर्टकलिस पर्सिव्हंट, १९४३मध्ये रिचमंड हेरल्ड, १९६१मध्ये गार्टर. १९७८मध्ये गार्टरपद सोडलं, पण घरी बसले नाहीत. किंग ऑफ आर्म्समधलंच, पण हुद्द्याने एक पायरी खालचं क्लॅरन्सूपद घेतलं आणि १९९५मध्ये निधन होईपर्यंत त्यावर राहिले. मिरवणुकीचे दिवस मोजके, बाकी सगळं आयुष्य दप्तरात.

प्रश्न : आडनावाचं मानचिन्ह विकत मिळतं. ते खरं का?

उत्तर : नाही. इंग्लंडच्या कायद्यात आडनावाला मानचिन्ह नसतं. ते एका व्यक्तीला मिळतं आणि पुढे तिच्या वंशजांकडे जातं. नाव जुळलं म्हणून भागत नाही, जन्म, लग्न, मृत्युपत्र अशा कागदांनी पिढी न् पिढी जोडावी लागते. एक दुवा तुटला की दावा संपला.

नवं हवं असेल तर अर्ल मार्शलकडे अर्ज आणि फी. त्यांची परवानगी आली की हेरल्ड तुमच्याशी बोलून आराखडा करतो. मग तो जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. साम्य निघालं तर बदल. सोन्यावर चांदी किंवा लालावर निळं ठेवलं तर लांबून ओळखू येत नाही, म्हणून तेही सहसा टाळतात. शेवटी चर्मपत्रावर रंगवून किंग ऑफ आर्म्सच्या सह्या आणि मोहरा.

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या ढालीवर घाटामागून उगवणारा सूर्य आहे आणि वर दोन मधमाशा. ब्रीद ‘उद्योग आणि औदार्य’. अशा ढालीचं चित्र प्रत्येक चितारी वेगळं काढू शकतो. बंधनकारक असतं ते शब्दांतलं वर्णन.