खोट्या सहीपासनंच मन उडालंय बघ तुझं

तम्मा, तुझं पत्र वाचलं. खानापूरचा तू, सिव्हिल केलास, बरीच वर्षं साईटवर काढलीस, आता बेळगावात वडगावकडं एका अपार्टमेंटचा प्रोजेक्ट मॅनेजर. आणि लिहितोस, अक्का, कामात मनच लागंना, दिवसभर नुसते फोन, बिलं, आज लेबर आलं नाही, उद्या खडी आली नाही, दोस्त सगळे बेंगळूर-पुण्याला आयटीत, मी पण लाईन सोडू काय?

पण मधेच एक ओळ टाकून तू पुढं निघून गेलास, मी तिथंच अडकले. काँक्रीटची ताकद बघायला त्याचे ठोकळे भरून मशीनवर फोडतात, ते क्यूब न फोडताच टेस्टच्या रजिस्टरात आकडे भरून सही करायला लावली मालकानं, आणि तू केलीस. कंटाळा त्यानंतरच सुरू झालाय, कुठल्या महिन्यात काय झालं ते तूच लिहिलंयस की. उद्या लेकीला घेऊन त्या बिल्डिंगसमोरनं जाताना "हे मी बांधलं" म्हणायला तुझी जीभ उचलणार नाही, ते खुपतंय तुला.

तर आधी ते निस्तर. स्ट्रक्चरल इंजिनिअरला खरं खरं सांग, झालेल्या स्लॅबवर रिबाउंड हॅमर, म्हणजे वरनं ठोकून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र, मारून बघता येतं, शंका आली तर कोअर, म्हणजे ड्रिलनं काँक्रीटचा गोल तुकडा, काढून तपासता येतो. पुढच्या स्लॅबला स्वतः उभा राहा, क्यूब तुझ्यासमोर भरून घे, 15 सेंटीमीटरचे, एका सॅम्पलला तीन, वर तारीख घाल, पाण्यात ठेव, 28 दिवसांनी कॉलेजच्या लॅबमध्ये फोडून घे. 7 दिवसांचे वेगळे भर, म्हणजे गडबड असली तर लवकर कळते. आणि मालकाला लेखी दे, टेस्ट झाल्याशिवाय सही नाही. ऐकला तर राहा, नाही ऐकला तर दुसरीकडं काम बघायला लाग, पण लाईन सोडू नको रे.

का म्हणतेय, तर स्लॅब चालू असताना पाऊस आला आणि सगळ्यांनी मिळून ताडपत्री धरली ते तू पानभर लिहिलंयस, बिलांवर दोन ओळी पण नाहीत. गोकाक-सौंदत्तीकडच्या गवंड्यांशी कन्नडात, बिहारच्या बार बेंडरशी, म्हणजे सळ्या वाकवणाऱ्याशी, हिंदीत, मेस्त्रीशी मराठीत, एकाच सकाळी तिघांना कामाला लावतोस, हे काय कुणालाही जमतं व्हय? बिलं आणि मटेरियलचे फोन एखाद्या ज्युनिअर पोराकडं दे, मालकाकडं तसा माणूस मागून घे, आणि सकाळचे दोन तास फोन खिशात ठेवून साईटवर फिर.

आणखी एक कर. तुझ्या लेबरपैकी किती जणांकडं लेबर कार्ड आहे ते विचार. वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम झालं असेल तर कर्नाटकच्या कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते, पण त्या 90 दिवसांचा दाखला बऱ्याच जणांना कोण देत नाही म्हणून अडतं. मालकातर्फे तू देऊ शकतोस, आणि ही सही खरी असेल. सोमवारी हजेरी घेतानाच यादी करायला घे.