बाटलीची शिवण आधी बघा
जुन्या कचऱ्याची जागा खणताना सापडलेली बाटली लगेच धुवायला घेऊ नका. ती मातीच्या कोणत्या थरात, कशाशेजारी होती ते आधी लिहा. जागा विसरली की निम्मी माहिती गेलीच. मग बोट फिरवून साच्याची शिवण शोधा, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उठलेली बारीक रेघ. ती मानेवरच विरत असेल तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं. थेट ओठावर चढली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे बहुतेक विसाव्या शतकातली. पण ती टाकली कधी, हे यावरून ठरवू नका. बाटल्या वर्षानुवर्षं पुन्हा भरल्या जात.

तिथल्या लोकांशी जरूर बोला, मात्र त्यांचं सांगणं वस्तूंशी ताडून पाहा. पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजे यांनी १९७३ पासून अमेरिकेतल्या टूसॉनमधला घरगुती कचरा तपासला, तेव्हा लोक सांगत त्याहून कितीतरी जास्त बिअरचे डबे निघाले. आणि तुटकं बटण, गंजका खिळासुद्धा नोंदवा, अगदी कंटाळा आला तरी.