अवजारांच्या शेडचा प्लॅन: आधी पत्र्याचं माप, मग खोलीचं

चोपड्याच्या भाऊंनी विचारलंय की घरामागच्या बागेत अवजारं, ठिबकच्या नळ्या नि खताच्या गोण्या ठेवायला १० बाय १२ फुटाची पत्र्याची शेड करायचीय, त्याचा प्लॅन आपला आपण काढला तर चालेल का. चालेल ना भाऊ, काढाच. प्लॅन हातात नसला की वेल्डिंगवाला त्याच्या सवयीनं उभं करून देतो आणि मग दार उघडलं की पावसाची झड थेट खतावर.

कागदाच्या आधी अंगणात चुन्याच्या फक्कीनं १० बाय १२ आखा आणि जे जे ठेवायचंय ते खरोखर आत मांडा. पंप, गोण्या, नळ्यांची बंडलं, शिडी, सगळं. मधे उभं राहून वाका, गोणी उचलून बघा. जागा पुरते का ते तिथंच कळतं. मग चौकटीच्या वहीत एक चौकट सहा इंचाची धरा, १० बाय १२ म्हणजे २० बाय २४ चौकटी. एक नकाशा वरून दिसणारा आणि एक बाजूनं कापल्यासारखा, एवढे दोन पुरे.

आता खरं काम. माप मनानं धरू नका, बाजारात माल ज्या मापात मिळतो त्यावरून धरा, सगळा पैसा इथंच वाचतो. पत्रा साधारण साडेतीन फूट रुंद, लॅपमध्ये, म्हणजे एका पत्र्यावर दुसरा चढवताना, तीनेक इंच जातात म्हणून सव्वातीन धरायचा, चार पत्रे मिळून सव्वातेरा फूट होतात, म्हणजे १२ फुटाच्या लांबीला दोन्हीकडं सात-सात इंच बाहेर. उतार १० फुटाच्या बाजूनं द्या आणि पत्रा १२ फुटी घ्या, मागेपुढे जवळजवळ फूट-फूट बाहेर येतो आणि मधे कुठंच जोड नाही, जोड नाही तर गळती नाही. पाइप २० फुटी येतो. उंच बाजूचा खांब ८ फूट, खालच्या बाजूचा ७, दोघांचे आणखी अडीच-अडीच फूट जमिनीत, बेरीज बरोब्बर २०, एका पाइपात दोन खांब! पत्र्याखालच्या चार आडव्या पाइपांना सव्वातेरा फूट लागतात, प्रत्येकातून पावणेसात फुटाचा तुकडा उरतो, त्यात दाराची चौकट निघते.

दिशा कागदावर आधी लिहा. १२ फुटाची बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे मे महिन्यातलं आपलं ४५ अंशाचं दुपारचं ऊन आखूड भिंतीवर येतं. दार उत्तरेला, चार फुटी, बाहेर उघडणारं. उतार दक्षिणेकडं, कारण आपल्याकडं पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो आणि उंच बाजू तिकडं तोंड करून असली की वारा पत्र्याखाली घुसतो, जूनच्या आधीच्या वादळात रावेर-यावलकडं केळीच्या बागा कशा आडव्या होतात ते आपण बघतोच. उत्तरेला वर फूटभर जाळी ठेवा, गरम हवा निघून जाते. ओटा, म्हणजे शेडची उचललेली जमीन, नऊ इंच केला तर दक्षिणेला आत सव्वासहा फूटच उरतात, तिकडं मांडणी टाका. फवारणीची औषधं मात्र या शेडमध्ये उघडी नकोच, कुलपाची वेगळी पेटी प्लॅनमध्येच दाखवा, घरात लहान मुलं असतात.

पत्र्यावरचं पाणीही वाया घालवू नका. छत साधारण १६० चौरस फूट, जळगावकडं वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, म्हणजे पन्हाळ लावली तर थोडं वाया जाऊनही आठेक हजार लिटर टाकीत येतं, आणि तेच पाणी ओट्याच्या कडेला पडलं तर काळी माती फुगून ओटा उचलते.

जागेवर आखताना ६-८-१० नं काटकोन काढा (कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फूट, दुसरीला ८, दोन्ही खुणांमधलं अंतर १० आलं की काटकोन), नंतर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत, इंचाचा फरकही सोडू नका, नाहीतर पत्रा तिरका बसतो.

एकच गोष्ट न बघता सांगता येत नाही, ती तुमची माती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते, खांब तिच्यात नको, मुरमात हवा. अडीच फुटात मुरूम लागला तर वरचा हिशेब जसाच्या तसा. नाही लागला तर खालून काँक्रीटचा ठोकळा उचलून वर बेसप्लेट, म्हणजे खांब बसवायची लोखंडी पट्टी, घ्यावी लागेल आणि खांबाची मापं बदलतील. आधी एका कोपऱ्यात खड्डा घ्या, मुरूम किती फुटावर लागतो ते इथं लिहा, पुढचा पाइपाचा हिशेब मी करून देतो.