बँडसॉचं नंतर बोलू, आधी ती पॉलिसी आणा

प्रश्न : वय ३९. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरी. हातात ७२ हजार, दिवाळीला ५० हजारांच्या आसपास बोनस. घरखर्च ४५ हजार, गृहकर्जाचा हप्ता १९ हजार, कर्ज २१ लाख बाकी. पत्नी गृहिणी, मुलं ९ आणि ४ वर्षांची. घराच्या पार्किंगमध्ये सुतारकामाचं छोटं वर्कशॉप केलंय. १४ इंची बँडसॉ (पट्ट्याची विजेवरची करवत) ८५ हजारांना मिळतोय. १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ की २ लाखांची एफडी मोडू? वस्तू विकून महिना १० हजार सुटतील, म्हणजे वर्षात वसूल. गेल्या वर्षी ११ नग विकले, २२ हजार आले. विम्याची काळजी नाही, साडूंनी १ लाख हप्त्याची गॅरंटेड पॉलिसी काढून दिली आहे. १२ वर्षं भरायचे, २० व्या वर्षी दुप्पट. ३ हप्ते झालेत, चौथा ऑगस्टमध्ये. पॉलिसीचं पहिलं पान आणि वर्कशॉपचे फोटो सोबत पाठवतोय. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. ईएमआयवर घेऊ नका आणि एफडीही मोडू नका. तुमचा खर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ६४ हजार जातात. म्हणजे ती एफडी ही फक्त तीन महिन्यांची शिधासामग्री आहे, तिला हात लावायचा नाही. आणि व्याज शून्य असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. दुकानदाराला ‘रोखीने किती?’ एवढंच विचारा. जो आकडा खाली येईल, तेच तुमचं व्याज.

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. ‘विम्याची काळजी नाही’ हे वाक्य वाचून मी पॉलिसीचं पान मोठं करून पाहिलं. विमा रक्कम १० लाख. कर्ज २१ लाख. उद्या तुम्ही नसलात तर सगळे १० लाख बँकेला देऊनही घरावर ११ लाखांचा बोजा राहतो, आणि घरात कमावणारं कुणी नाही. हा विमा नव्हे. महागड्या बचतीला लावलेलं विम्याचं लेबल आहे.

बचत म्हणून तरी बरी आहे का? १२ लाख भरून २० वर्षांनी २४ लाख. ‘दुप्पट’ ऐकायला झकास वाटतं, पण परताव्याचा दर पडतो पाच टक्क्यांच्याही किंचित खाली. हेच हप्ते त्याच तारखांना पोस्टातल्या पीपीएफमध्ये टाकले असते, तर ७.१ टक्क्यांनी २० व्या वर्षी साधारण ३३ लाख झाले असते. (हा दर एप्रिल २०२० पासून हललेला नाही, पुढे हलू शकतो.) ‘टॅक्स वाचतो’ हेही साडूंनी सांगितलं असेल. नव्या करप्रणालीत ८०सी ची (विमा, पीपीएफसारख्या बचतीवरची) वजावट मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर तिथे करच लागत नाही. तुमचा पगार त्याच्या आतला दिसतो. मग कुठला टॅक्स वाचवताय?

‘तीन लाख गुंतलेत, आता कसं सोडू?’ हा प्रश्न येणारच, म्हणून हिशेब मांडतो. आत्ता सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधीच मोडलीत, तर तीन हप्त्यांनंतर खात्रीने मिळणारी रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार. पोटात गोळा येईल. तरीही ते आणि उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये गेले, तर त्याच तारखेला पावणेसव्वीस लाखांच्या आसपास होतात. घाव सोसूनही पॉलिसीपेक्षा जास्त!

त्याहून बरा रस्ता म्हणजे पॉलिसी ‘पेड-अप’ करणं : पुढचे हप्ते बंद, भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीला. बारातले तीन भरलेत, तेव्हा २४ चे ६ लाख धरू. तुमच्या पॉलिसीचं पेड-अप कलम नेमकं काय म्हणतं ते कंपनीकडून लेखी घ्या, कारण पुढचं गणित त्यावर उभं आहे. सुटलेल्या १ लाखातले २० हजार टर्म विम्याला (बचत नसलेला, फक्त मृत्यूचं संरक्षण देणारा विमा) दिले आणि ८० हजार पीपीएफला, तर नऊ वर्षांचे ते पैसे मुदतीला सुमारे १८ लाख होतात. १८ आणि ६, चोवीसच! तेवढेच पैसे, वर १ कोटीचं संरक्षण. (टर्मचा हप्ता त्यानंतरही ६० व्या वर्षापर्यंत भरायचा आहे, हे विसरू नका.) तंबाखू नसेल तर तुमच्या वयाला १ कोटीचा टर्म विमा वर्षाला २० हजारांच्या आत बसावा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. कर्ज फिटून उरलेले ७९ लाख आजच्या घरखर्चाने १४-१५ वर्षं पुरतात. धाकटं तोवर सज्ञान होईल.

क्रम चुकवू नका. आधी टर्मचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, पॉलिसी हातात. मगच जुना हप्ता थांबवा. ऑगस्टनंतर ३० दिवसांची सवलत असते, पण तिच्यावर विसंबू नका, अर्ज याच आठवड्यात टाका.

दुसरा फोटो पाहून तर मी खुर्चीतून उठलो. प्लायच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बांधून त्यावर सागवान चिरताय तुम्ही? ना गार्ड, ना रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, चीर मिटू न देणारी पट्टी), आणि फोटोत कडेला चार वर्षांच्या पोराची सायकल. अपघात विमा स्वतंत्र घ्या, दोन-तीन हजारांत येतो. कायमच्या अंशतः अपंगत्वाचं कलम त्यात आहे ना, पाहा. अंगठ्याला किती टक्के आणि बोटाला किती, याचा तक्ताच असतो. विकण्यासाठी काम करता हे अर्जात लपवू नका.

म्हणूनच बँडसॉला माझा विरोध नाही. पट्टा लाकूड खाली टेबलावर दाबतो, मार्बल कटरसारखं अंगावर फेकत नाही. पण ‘वर्षात वसूल’ हे डोक्यातून काढा. २२ हजारांतून लाकूड, पॉलिश, कुरिअर वजा केलं तर नगामागे हजार-बाराशे सुटले असतील. महिना १० हजार म्हणजे महिन्याला आठ-दहा नग, आणि तुम्ही वर्षात केले अकरा. वेळ चिरण्यात जातो का? तो जातो पॉलिश पेपर मारण्यात आणि ग्राहकाच्या ‘अजून थोडं कमी करा ना’मध्ये. तिथे बँडसॉ काही करत नाही. हौस म्हणून घ्या, हौसेला हिशेब लागत नाही, फक्त रोकड लागते.

ती आहे. महिन्याला तुमच्याकडे ८ हजार उरतात, वर्षाचे ९६ हजार. ते सगळे आजवर पॉलिसी गिळत होती. यंदा बोनसचे ५० आणि शिलकीतले ३५ मिळून दिवाळीत रोखीने यंत्र आणा. दोन्ही विमे भरून राहिलेले ३५-४० हजार पीपीएफला. यंदा ८० जमणार नाहीत, म्हणजे मुदतीला सव्वा ते दीड लाख कमी. यंत्राची खरी किंमत ती धरा.

घेताना दोन गोष्टी विचारा. बऱ्याच १४ इंची यंत्रांत पट्ट्याखाली सहा इंच उंचीचंच लाकूड जातं, जास्त हवं तर रायझर ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) बसतो का? आणि जाड फळी उभी चिरायला इंचाला तीन दातांचा पट्टा लागतो, तो सोबत मिळतो का? लाकूड-उद्योगांच्या २०१६ च्या केंद्रीय सूचनांत परवान्यातून सूट देताना बँडसॉ नसण्याची अट आहे. तुम्ही वस्तू विकता, तेव्हा वनखात्यात एकदा विचारून या.

हप्ता थांबला की साडूंचा फोन येईलच. वाद घालू नका. पेड-अपचं लेखी पत्र कंपनीतून त्यांनाच आणून द्यायला सांगा.